ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत पालकांना खऱ्या अर्थाने सोबत कसे घ्यावे?

प्रश्न (शिक्षिका, भायखळा)

मी एका ख्रिस्ती संस्थेच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवते. वर्गातील बहुसंख्य मुले ख्रिस्ती नाहीत. अनेकांच्या घरी मराठी किंवा हिंदी बोलली जाते आणि इंग्रजी शाळेत शिकणारी त्यांची पहिलीच पिढी आहे. ओपन हाउसला आई येते, प्रगतिपुस्तकावर सही करते आणि "टीचर, तुम्हीच सांगा त्याला" एवढे बोलून निघून जाते. व्यवस्थापनाने येत्या वर्षासाठी पालकांच्या सहभागाचा आराखडा मागितला आहे. मात्र सहकाऱ्यांच्या सूचना व्याख्याने, क्रीडादिन आणि नाताळचा मेळावा यांच्यापुढे गेलेल्या नाहीत. शाळेचे ख्रिस्तीपण न झाकता आणि ते कोणावर न लादता पालकांशी रोजचे नाते कसे जोडावे, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर 1 (पालक, लालबाग)

ताई, ती आई गप्प राहते याचा अर्थ तिला काही सांगायचे नसते असा नाही. शाळेतून येणारे प्रत्येक सर्क्युलर इंग्रजीत, डायरीतला रिमार्क इंग्रजीत आणि सभाही इंग्रजीत. आमच्या इमारतीत मी असे पाहतो की रिमार्क आईला वाचून दाखवतो तो ज्याच्याविषयी तक्रार आहे तोच मुलगा, आणि तो त्यातले काय गाळतो हे आईला कळण्याचा मार्ग नसतो. तेव्हा पहिले काम म्हणजे सूचना मराठी आणि हिंदीतही काढणे. दुसरे, सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली की घरकाम करणाऱ्या बाईचा किंवा रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा पडतो. ती सभा शनिवारी सायंकाळी किंवा रविवारी मिसा (चर्चमधील सामूहिक उपासना) आटोपल्यावर ठेवता येईल. तिसरे, जूनमध्ये वर्ग सुरू होताच प्रत्येक घराला विचारावे की मूल कशाने घाबरते, कशात रमते, घरी अभ्यासाला कोण बसवते. शाळा आम्हाला सांगते पुष्कळ, विचारत मात्र नाही.

उत्तर 2 (निवृत्त मुख्याध्यापिका, वांद्रे)

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे. व्यवस्थापनासमोर मांडता यावे म्हणून कायद्याची बाजू जोडते. शिक्षण हक्क कायद्यातील, पालकांचा भरणा असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीचा दाखला येथे उपयोगी पडत नाही, कारण हा कायदा अल्पसंख्याक (म्हणजे ख्रिस्ती संस्थांच्याही) शाळांना लागू होत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2014 मध्ये दिला. मात्र महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन अधिनियमात पालक-शिक्षक संघाची तरतूद आहे आणि त्याच्या कार्यकारी समितीतील पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. या सोडतीत वकिलाचे नाव निघू शकते, तसे वॉचमनच्या पत्नीचेही निघू शकते. पण बैठक इंग्रजीतच चालली तर ती बाई केवळ सहीपुरती उरते, आणि तिचे नाव निघूनही ज्यांना आधीपासून बोलता येत होते तेच बोलत राहतात. म्हणून विषयपत्रिका दोन दिवस आधी मराठीत द्यावी, बैठकीत एका शिक्षिकेने तिच्याशेजारी बसून चर्चा समजावून सांगावी आणि शुल्कावर येण्यापूर्वी पहिला अर्धा तास मुलांच्या प्रश्नांसाठी राखावा.

कॅथोलिक व्यवस्थापनाला हे परके वाटण्याचे कारण नाही. जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात पालकांनाच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक मानले आहे. अर्थात भरगच्च वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेने प्रत्येक घराशी रोज संपर्क ठेवावा ही अपेक्षा अन्याय्य ठरेल (रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर गृहपाठ विचारणाऱ्या पालकांनीही हे ध्यानात घ्यावे). आठवड्याला चार-पाच घरी एक फोन, आणि तोही तक्रार नसताना, एवढे नक्की जमते.

उत्तर 3 (ख्रिस्ती पालक, माहीम)

धर्माच्या मुद्द्यावर कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. बऱ्याच कॅथोलिक शाळांत कॅथोलिक मुले कॅटेकिझमला (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला) बसतात आणि त्याच वेळी इतरांना मूल्यशिक्षणाचा तास असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28(3) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. तरीही सकाळच्या प्रार्थनेत काय म्हणतात, मूल्यशिक्षणात काय शिकवतात, हे प्रवेशाच्या वेळी समोर बसून सांगणाऱ्या शाळा थोड्याच असाव्यात. माझ्या ओळखीच्या हिंदू आणि मुस्लिम पालकांचा प्रार्थनेला सहसा आक्षेप नसतो. आपल्याला विचारलेच नाही याचे त्यांना वाईट वाटते.

आम्हा ख्रिस्ती पालकांची तऱ्हा उलटी आहे. शाळेत कॅटेकिझम होतो म्हणून कित्येक घरांत सायंकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) सुटली तरी कोणाला खटकत नाही. शाळेने मुलांना काय शिकवले याचा दर महिन्याला एक परिच्छेद घरी पाठवला, तर निदान जेवताना त्यावर बोलणे होईल. रविवारच्या सभेला मात्र माझा विरोध आहे. मिसेनंतर पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) कामात अडकलेले अनेक जण थांबणार नाहीत आणि प्रोटेस्टंट कुटुंबांची उपासनेची वेळ वेगळी असते. शनिवारच बरा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. शनिवारची सभा आणि जूनमधील प्रश्नावली या दोन गोष्टी आराखड्यात घेते. सर्क्युलर मराठीत करण्याचे काम मात्र कोणाकडे सोपवावे? ऑफिसमध्ये एकच क्लार्क आहे.

उत्तर 4 (पालक, लालबाग)

मसुदा एखाद्या पालकाकडून करून घ्यावा आणि मराठीच्या बाईंकडून तपासून घ्यावा. मोबाइलवर केलेले भाषांतर तसेच पाठवू नये. शुल्काच्या सूचनेत एक शब्द चुकला, तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीवर रांग लागते.