मदत हवी आहे: ख्रिसमसच्या जेवणासाठी आदल्या दिवशीच करून ठेवता येईल असं गोड (पुडिंग सोडून)

नमस्कार मंडळी,

यंदा ख्रिसमसचं जेवण आमच्याकडे आहे. एकूण १२ जण. त्यात तीन लहान मुलं, ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई आणि एक मैत्रीण, जी अंडं आणि जिलेटिन दोन्ही खात नाही.

आमच्या घरी दरवर्षी वाफवलेलं फ्रूट पुडिंग होतं. किसमिस, बेदाणे, संत्र्याची पाकवलेली साल, दालचिनी, जायफळ, वरून ब्रँडी. सासूबाई ते तीन-चार आठवडे आधीच करून मुरत ठेवायच्या. घरभर सुटणारा तो वास मला मनापासून आवडतो. पण खरं सांगायचं तर एवढं भरपेट जेवण झाल्यावर ते कोणालाच जात नाही. मुलं चमच्याने मनुका बाजूला काढतात, मोठी माणसं मान राखायला दोन घास घेतात. गेल्या वर्षी निम्म्याहून जास्त उरलं. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत, पण दुसऱ्या दिवशी उरलेलं डब्यात भरताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं. यंदा त्याच म्हणाल्या, "मला आता तासन्‌तास उभं राहवत नाही. तू तुझ्या पद्धतीने काहीतरी कर."

तर आता मला असं काहीतरी हवंय जे २४ तारखेच्या रात्रीपर्यंत पूर्ण तयार असेल. जेवण झाल्यावर फक्त कापायचं किंवा वाढायचं, बस. एका वर्षी सगळे बाहेर गप्पा मारत होते आणि मी स्वयंपाकघरात एकटी क्रीम फेटत उभी होते. पुन्हा तसं नको.

अडचणी अशा: २५ तारखेला ओव्हन सकाळपासून मुख्य जेवणात अडकलेला असणार. फ्रीजचा एकच कप्पा मोकळा मिळेल, तोही कमी उंचीचा. फ्रीझरचा मात्र एक खण रिकामा करता येईल.

डोक्यात तिरामिसू (कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि क्रीमचे थर), ट्रायफल (केक, फळं, कस्टर्ड आणि क्रीमचे थर) आणि चीजकेक आहेत. तिरामिसूत कच्चं अंडं असतं म्हणून सासूबाई आणि मुलांसाठी धाकधूक वाटते.

आणखी एक विचारायचं होतं. दोन वर्षांपूर्वी मी अननसाचा पन्ना कोटा (दूध-क्रीम जिलेटिनने सेट करून होणारं इटालियन गोड) केला होता, ताजा अननस मिक्सरमधून काढून. जिलेटिन पाकिटावर लिहिलं होतं तेवढंच घेतलं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी बघितलं तर वाट्यांमध्ये नुसतं दूध! माझं नेमकं काय चुकलं ते अजून कळलेलं नाही.

प्रतिसाद १

ताई, अननसाचं आधी सांगते. तुमचं माप बरोबर होतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. जिलेटिन म्हणजे प्रथिनच, त्यामुळे ते सेट होऊच शकत नाही. कच्ची पपई आणि किवीचंही तसंच. अननस आधी पाच-सात मिनिटं चांगला उकळून घेतला की एन्झाइम निकामी होतं आणि मग व्यवस्थित सेट होतं. डब्यातला अननस चालतो तोही याचमुळे, डबाबंद करताना तो तापवलेला असतो. मैत्रिणीसाठी करायचं असेल तर अगर-अगर वापरा, ते समुद्री शेवाळापासून होतं आणि या एन्झाइमला बधत नाही. पण ते जिलेटिनसारखं नुसतं कोमट दुधात विरघळत नाही, दोन मिनिटं तरी खळखळून उकळावं लागतं. आणि हात आखडता ठेवा, जरा जास्त झालं की पन्ना कोटाची कापता येईल अशी वडी होते.

प्रतिसाद २

तिरामिसूचं अंडं कच्चं ठेवायची गरज नाही. पिवळा बलक आणि साखर उकळत्या पाण्याच्या वाफेवर सतत फेटत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत न्या, घट्ट फिकट मिश्रण होतं. ते गार करून मस्कारपोनेत (मऊ इटालियन क्रीम चीज) मिसळायचं, पांढऱ्याऐवजी फेटलेलं क्रीम घालायचं. तिरामिसू खरंतर एक रात्र मुरल्यावरच चांगलं लागतं, त्यामुळे तुमच्या वेळापत्रकात बसेल. तुमच्या मैत्रिणीला मात्र ते चालणार नाही, कारण त्यातल्या बिस्किटांतही अंडं असतं.

प्रतिसाद ३

पावलोव्हा करा! मेरँगचं (साखर घालून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचं) कवच दोन-तीन दिवस आधी भाजून हवाबंद डब्यात बाहेरच राहतं, फ्रीजची जागा अजिबात लागत नाही.

मूळ लेखिका

काकू, अननसाचा उलगडा केलात, खूप आभार! मी दोन वर्षं जिलेटिनच्या पाकिटाला दोष देत होते. पावलोव्हा मलाही फार आवडतो, पण तो सगळा अंड्याच्या पांढऱ्यावरच उभा आणि वरचं क्रीम ऐनवेळी फेटावं लागणार. आधी लावून ठेवलं तर कवच मऊ पडतं. एकाच माणसासाठी वेगळी वाटी करावी असंही वाटत नाही. तिने सगळ्यांबरोबर तेच खावं अशी माझी फार इच्छा आहे.

प्रतिसाद ४

ताई, माझ्या मते पदार्थाआधी जागा ठरवा. फ्रीजचा कप्पा बुटका, म्हणजे ट्रायफलचा उंच काचेचा बाऊल बाद. चीजकेक २३ तारखेला भाजता येईल, ओव्हन काही तेव्हापासून अडकलेला नाही, पण त्यात पुन्हा अंडं. तुमच्याकडे मोकळा आहे तो फ्रीझर. तर मग सेमीफ्रेदो करा, म्हणजे क्रीमचं गोठवलेलं गोड. इटालियनमध्ये याचा अर्थ 'अर्धं गार'. आइस्क्रीमसारखं मशीनमध्ये घुसळावं लागत नाही, फेटलेल्या क्रीममधली हवाच त्याला मऊ ठेवते. मूळ कृतीत अंडं असतं, पण कंडेन्स्ड मिल्क वापरून बिनअंड्याचं उत्तम होतं, मी कित्येक वर्षं करतोय.

४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि ६०० मिलि व्हिपिंग क्रीम. क्रीममध्ये फॅट निदान ३० टक्के हवं, त्याहून पातळ क्रीम फेटलंच जात नाही. क्रीम आणि भांडं दोन्ही गार असू द्या. टोक उभं राहून किंचित वाकेल इतपतच फेटा, पुढे गेलात तर लोणी सुटायला लागेल. मग कंडेन्स्ड मिल्क हलक्या हाताने मिसळा. चिमूटभर मीठ आणि संत्र्याच्या सालीचा कीस जरूर घाला, नाहीतर नुसतं गोडमिट्ट लागतं.

आणि आता महत्त्वाचं. सासूबाईंच्या पुडिंगचा सगळा मसाला यात घाला. किसमिस, बेदाणे, पाकवलेली साल, दालचिनी, जायफळ. सुकामेवा संत्र्याच्या रसात पाच मिनिटं उकळवा, पूर्ण गार करा आणि नीट निथळून घ्या. मनुकांमध्ये साखर भरपूर असते म्हणून त्या गोठूनही दगड होत नाहीत. ब्रँडी घालायची तर दोन मोठे चमचे, त्याहून जास्त नको. साखर आणि अल्कोहोल दोन्ही गोठणबिंदू खाली आणतात, जास्त झालं की काप उभे राहत नाहीत. मुलं आहेत तेव्हा मी तर वगळेनच.

ब्रेडच्या दोन छोट्या टिनना आतून क्लिंग फिल्म लावा, कडेने बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे ओढून अख्खी वडी निघते. २२ किंवा २३ लाच करून टाका.

प्रतिसाद ५

वरची सूचना मलाही पटली. सोबतीला मसाल्याच्या पाकातले पेअर ठेवा, जड जेवणावर फार बरे वाटतात. घट्ट पेअर सोलून देठासकट अख्खे ठेवायचे. पाणी, साखर, दालचिनी, दोन लवंगा, चक्रीफूल आणि संत्र्याच्या सालीची पट्टी. मंद आचेवर २०-३० मिनिटं, सुरी सहज आत जाईपर्यंत. फळं वर तरंगतात, म्हणून पातेल्याच्या मापाचा बटर पेपर गोल कापून वर ठेवा. पाकात बुडवून फ्रीजमध्ये तीन दिवस छान राहतात आणि रोज जास्त चविष्ट होतात. सपाट डब्यात आडवे ठेवले की तुमच्या बुटक्या कप्प्यातही मावतील. यात दूध, अंडं, जिलेटिन काहीच नाही आणि सासूबाईंना चावायचा त्रासही नाही.

मूळ लेखिका

दादा, पुडिंगचाच मसाला घालायची कल्पना वाचून मी जागेवरून उठलेच! हे मला सुचायला हवं होतं. काल लगेच निम्म्या मापाने करून बघितलं. चव अप्रतिम, पण दोन गोष्टी बिघडल्या. सगळा मेवा तळाशी जाऊन बसला आणि त्याच्याभोवती बर्फाचे कण झाले. शिवाय फ्रीझरमधून काढल्यावर सुरी आत जाईना.

प्रतिसाद ४

मेवा ओला राहिला असणार, म्हणून बर्फ. निथळल्यावर कापडावर पसरून कोरडा करा. तळाशी जाऊ नये म्हणून आधी नुसतं मिश्रण तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, जरा धरायला लागलं की मग मेवा मिसळा आणि टिनमध्ये भरा. कापायच्या आधी २० मिनिटं खाली फ्रीजमध्ये आणा आणि सुरी दर कापाला गरम पाण्यात बुडवून पुसा. म्हणजे पानं उचलायला घेतलीत की टिन खाली आणायचा, टेबल आवरेपर्यंत तो तयार. उरलंच तर वितळलेलं पुन्हा गोठवू नका, क्रीमचे पदार्थ दोन तासांहून जास्त बाहेर ठेवूही नका.

मूळ लेखिका

आज दुसऱ्यांदा केलं, तुम्ही सांगितलं तसं. मेवा सगळीकडे सारखा पसरला, बर्फ नाही, काप सुबक निघाले. सोबत पेअरही करणार हे पक्कं.

सासूबाईंना काही न सांगता एक काप दिला. त्यांनी सावकाश खाल्ला, मग म्हणाल्या, "जायफळ कमी पडलंय. आणि साल एवढी मोठी कापतात का?" आता २२ तारखेला मेवा त्याच निवडणार आणि चिरणार आहेत, टेबलाशी खुर्चीत बसून. मला फक्त क्रीम फेटायचं आहे.