उपसंहार खटकतो, पण नावापुरताच
हॅरी पॉटरच्या सातव्या पुस्तकातला तो ‘१९ वर्षांनंतर’चा उपसंहार गुळचट आहे, स्टेशनवरचा प्रसंग नसता तरी चाललं असतं, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. स्टेशनबद्दल तक्रार नाही (ठाणेकरांना स्टेशनवर निरोप द्यायची सवयच असते). मला बोचतं ते हॅरीच्या पोराचं नाव, आल्बस सेव्हेरस; यातलं सेव्हेरस हे हॅरीच्या शाळेतल्या स्नेप मास्तरांचं नाव. ३३व्या प्रकरणात स्नेपची कहाणी वाचून मीही ढसाढसा रडले. पण हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलचं काय? ज्याचे आईवडील छळामुळे भ्रमिष्ट झाले तो हा मुलगा, आणि तिसऱ्या पुस्तकात त्याला सगळ्यात जास्त भीती कशाची, तर या मास्तरांची! स्नेपचं हॅरीच्या आईवर एक जुनं प्रेम निघालं की सगळं माफ?

२१ जुलै २००७ला, हे सातवं पुस्तक आलं त्या दिवशी, नौपाड्यात आमच्या घरी प्रत एकच, वाचणारे दोघं. दादा थोरला म्हणून पहिला मान त्याचा. मध्येच तो पुस्तक पालथं ठेवून, एक शब्द न बोलता गॅलरीत पाऊस बघायला गेला. कोणीतरी गेलं, हे मला तेव्हाच कळलं. डॉबी होता, हॅरीसाठी जीव देणारा तो छोटा घरगडी एल्फ.

हॅरी आणि त्याचे मित्र तंबूत लपून भटकतात ती पानं दादाने सरळ उलटली, त्यावरून आम्ही अजून भांडतो. हॅरीचा मित्र रॉन, त्याचा भाऊ फ्रेड, याचं मरण फार घाईत उरकलं, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.