‘तरुण कवी आणि समाजकार्य’ वर बोलायचंय, सावित्रीबाई चालतील का?

रानवारा:
कॉलेजमध्ये पाच मिनिटं बोलायचंय, कवितेतून आणि कामातून प्रेरणा देणाऱ्या तरुण कवीवर. मी सावित्रीबाई फुले म्हटलं तर मैत्रीण म्हणते त्या शिक्षिका, कवी कुठे, आणि तरुण तर नाहीच. शाळा, शेण, चिखल हे सगळेच बोलतात, कवितांचं काय सांगू?

शाईचा_डाग:
तरुण नाही?? जन्म १८३१, त्यांचं कवितांचं पुस्तक ‘काव्यफुले’ छापलं १८५४ ला, म्हणजे बाई २३ वर्षांच्या. ज्यांना आपण आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो त्या केशवसुतांचा जन्मच १८६६ चा. आणि भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची, म्हणजे काम आधी सुरू झालं, पुस्तक नंतर आलं, हे नक्की सांग.

कोरा_कागद:
कवी म्हणून उगाच डोक्यावर घेऊ नका पण. बऱ्याच कवितांत सरळ उपदेश आहे, शिका, इंग्रजी शिका, आळस सोडा. पण मला वाटतं तो मुद्दामच आहे, ऐकणारी माणसं नुकतीच अक्षरं गिरवायला लागलेली, त्यांच्यासाठी कोड्यात बोलून काय उपयोग? एक कविता तर बाई आणि मुलींमधला संवादच आहे, वर्गात आळीपाळीने म्हणायला घेतली असेल असं वाटतं (हा माझा अंदाज हं). आणि त्याच पुस्तकात पिवळा चाफा आहे, फुलपाखरू आणि कळी आहे, त्या कविता कोणी वाचतच नाही. तू त्यातली एक वाच, पोरं गप्प बसतील.

वाटसरू२:
प्रेरणा म्हणशील तर मुक्ता साळवे घे. फुल्यांच्या शाळेतली मुलगी, तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला, धर्माला थेट प्रश्न विचारलेत पोरीने. शिवाय १८७७ च्या दुष्काळात सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र बघ, तिकडे जनावरं मरतायत, लोक गाव सोडतायत आणि सावित्रीबाई मदतीच्या कामात. १८९७ ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. पण पाच मिनिटांत सगळं कोंबू नकोस, नाहीतर नुसती तारखांची यादी होईल.

रानवारा:
भारी, मुक्ताचं माहीतच नव्हतं! कविता कुठे मिळतील?

शाईचा_डाग:
मा. गो. माळींनी संपादित केलेलं समग्र वाङ्मय आहे, कॉलेजच्या लायब्ररीत विचार, पत्रंही त्यातच आहेत.