खाऱ्या पाण्याचा टँक घ्यायचाय, पण घरचे तयार नाहीत. तुमच्याकडे कसं जमलं?

डोंबिवलीकर

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचे टँक मी कॉलेजपासून सांभाळतोय. सुरुवात गप्पींनी केली, मग एंजल झाले, सध्या दोन फुटी टँकमध्ये टेट्रा आणि झाडं आहेत. आता मरीन करायचंय. तीन फुटी टँक, पाणी साधारण १९० लिटर, खाली संप (फिल्टरची वेगळी टाकी), क्लाउनफिशची जोडी आणि जमलं तर एखादा गोबी मासा. बस एवढंच. प्रवाळ ठेवायचे नाहीत, ते आपल्याकडे कायद्यात बसत नाही हे माहीत आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर, टू बीएचके. आई, बायको आणि पहिलीतली मुलगी. मुलगी एका पायावर तयार आहे. बायकोचे प्रश्न रोखठोक आहेत: वीजबिल किती वाढणार, मे महिन्यात तो पाणी थंड ठेवणारा चिलर घरघर करत बसणार का, आणि हॉलमध्ये जागा कुठे आहे? आईचं म्हणणं वेगळं आहे. ‘समुद्रातला जीव समुद्रात बरा. इथे आणून मारलास तर ते पाप कोणाच्या माथी?’ शिवाय आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे फ्रोझन कोळंबीचं पाकीट फ्रीजमध्ये ठेवायचा विषयच नाही. आणखी एक, गणपतीत आम्ही सगळे देवरुखला जातो, तेव्हा घर बंद असतं.

पैसे बाजूला काढून ठेवलेत, अडचण ती नाही. पण घरात रोज कटकट होईल असा टँक मला नकोय. त्या तिघींनाही तो आपला वाटला पाहिजे. ज्यांच्या घरी अशीच परिस्थिती होती त्यांनी नेमकं काय केलं?

नॅनोवाला

माझा सरळ सल्ला: आधी तीस-चाळीस लिटरचा छोटा टँक आणा. कोणाला विचारायचं नाही, अभ्यासाच्या टेबलावर ठेवायचा. घरच्यांना सवय झाली की मोठ्याचं बोला. माझ्याकडे असंच झालं.

ठाण्याची वैनी

मी तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला होते. टँक नवऱ्याला हवा होता, आणि नको म्हणणाऱ्या मी आणि सासूबाई. आता तो आमच्या हॉलमध्ये आहे आणि मला मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वरच्या दादांचा सल्ला मला पटत नाही. न विचारता आणलेली वस्तू घरात कायम ‘त्याची’च राहते. दुसरं म्हणजे चाळीस लिटर पाणी मे महिन्यात दुपारच्या दुपारी तापतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि क्षारता चढत जाते. जास्त पाण्यात हे बदल सावकाश होतात, त्यामुळे नवख्या माणसाने मोठ्यातच सुरुवात केलेली बरी. छोट्या टँकमध्ये पहिल्याच महिन्यात मासा गेला तर तुमच्या आईंचं म्हणणं खरं ठरेल, आणि मग पुढे बोलायला तोंड राहणार नाही.

माझ्या नवऱ्याने मला माशांचे व्हिडिओ दाखवले नाहीत. त्याने वीजबिल आणून समोर ठेवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. संपमधलं पाणी वर टँकमध्ये टाकणारा रिटर्न पंप ३० वॅट, फेसातून घाण काढणारा स्किमर १५, पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर १०. हे तिन्ही चोवीस तास चालणार, म्हणजे दिवसाला साधारण १.३ युनिट. लाइट ६० वॅटचा, आठ तास, म्हणजे अर्धा युनिट. महिन्याला ५५ युनिटच्या आसपास. उन्हाळ्यात २५० वॅटचा चिलर दिवसातून सहा तास चालू राहिला तर महिन्याला आणखी ४५. मग त्याने तेव्हाच्या बिलातले स्लॅब दाखवले. टँकचे युनिट सगळ्यात वर जाऊन बसतात, म्हणजे आपल्या वरच्या स्लॅबच्या दराने लागतात, हे त्याने स्वतःहून सांगितलं. सरासरी दर लावून आकडा लहान करून दाखवला नाही. मी घराचं बजेट बघते. माझा विश्वास बसला तो तिथे.

चिलरबद्दल तुमच्या मिसेसना एक गोष्ट आधीच सांगा. तो पाण्यातली उष्णता काढतो आणि खोलीत सोडतो. हॉलमध्ये ठेवलात तर टँक थंड आणि माणसं घामाघूम. आमचा चिलर ड्राय बाल्कनीत आहे, भिंतीला दोन भोकं पाडून पाइप आत घेतलेत. आवाजही बाहेर, उष्णताही बाहेर. टँकवर पंखा लावूनही पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण ते कोरड्या हवेत. आपल्याकडच्या मेच्या दमट हवेत त्यावर भिस्त ठेवू नका. पाणी २५ ते २७ अंशांत राहिलं पाहिजे.

पाण्याचा प्रश्न मी विचारला होता, तुमच्या घरी अजून निघालेला दिसत नाही, पण निघेल. नळाचं पाणी चालत नाही, आरओचंच लागतं. आठवड्याला दहा टक्के बदलायचं, म्हणजे तुमच्याकडे वीसेक लिटर. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट धरा, म्हणजे ७०० ग्रॅम. वर रोजच्या बाष्पीभवनाची भर. आरओ जितकं पाणी देतो त्याच्या दुप्पट-तिप्पट फेकतो, आणि टँकर मागवणाऱ्या सोसायटीत ते डोळ्यांवर येतं. आमच्याकडे ते निळ्या पिंपात जमा होतं, त्यावर लादी पुसणं आणि संडासचं काम भागतं. टँकमधून काढलेलं खारं पाणी मात्र थेट मोरीत. गोड्या टँकचं पाणी झाडांना घालायची तुम्हाला सवय असेल, पण हे तुळशीला घातलंत तर तुळस जाईल आणि टँकचं नाव कायमचं खराब होईल.

आता सासूबाईंबद्दल. तुमच्या आईंचं जे म्हणणं आहे, अक्षरशः तेच त्यांचं होतं. माझी विनंती आहे, त्याला जुन्या लोकांची भाबडी समजूत म्हणून उडवून लावू नका. समुद्रातून जाळ्याने पकडून, पिशवीत कोंबून, दिवसचे दिवस प्रवास करून आलेले मासे मरतात, ही खरी गोष्ट आहे. नवऱ्याने त्यांच्याशी वाद घातला नाही. म्हणाला, ‘आई, समुद्रातला मासा आणणार नाही. हॅचरीत जन्मलेलाच आणेन, नाही मिळाला तर टँक रिकामा ठेवेन.’ क्लाउनफिशची पैदास आता आपल्या देशात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलंय. दुकानदाराला मासा कुठून आला हे विचारायचं, त्याला सांगता आलं नाही तर परत फिरायचं. त्या एका शब्दामुळे सासूबाई तयार झाल्या, आणि नवऱ्याने तो पाळला. टँकचं पाणी तयार होऊनसुद्धा हॅचरीचे मासे मिळेपर्यंत काचेत नुसते दगड आणि पाणी होतं, येणारा-जाणारा विचारायचा.

ते दगडही सिरॅमिकचे घ्या. समुद्रातला ‘लाइव्ह रॉक’ म्हणून जो विकतात तो बहुतेक प्रवाळाचाच सांगाडा असतो. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. समुद्रघोडेही त्यातच येतात, दुकानदाराने आग्रह केला तरी नको.

खाण्याचं कोडं वाटतं तेवढं अवघड नाही. हॅचरीत वाढलेले क्लाउनफिश लहानपणापासून दाणे खातात. आमच्या फ्रीजमध्ये माशांचं काहीही नाही. दाण्यांचा डबा टँकखालच्या कपाटात असतो, चमचाही त्याचा त्याचा.

आणि प्रत्येकाला एक काम द्या. मदत म्हणून नाही, ते काम खरोखर त्या माणसाचंच असलं पाहिजे. सासूबाईंकडे ‘रेघ’ आहे. संपच्या काचेवर मार्करने रेघ मारलीय. पाणी रेघेखाली गेलं की तेवढं गोडं आरओचं पाणी त्या घालतात. मीठ उडत नाही, पाणीच उडतं, म्हणून भर गोड्याचीच घालायची, हे आता त्या पाहुण्यांना समजावून सांगतात. उडालेलं पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-अपचं यंत्र मिळतं. मी नको म्हटलं, कारण ती रेघ त्यांची आहे. मुलाकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे, पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण. रविवारी काचेवर दोन थेंब टाकतो, डोळ्याला लावतो आणि आकडा वहीत लिहितो. १.०२५ च्या आसपास आला की खूश. तुमची मुलगी पहिलीत आहे, तिला हे सहज जमेल.

एक गोष्ट खास तुमच्या आईंसाठी. क्लाउनफिश जन्मतात ते सगळे नर. दोन पिल्लं एकत्र वाढवली की जे मोठं आणि दांडगं होतं ते मादी बनतं, दुसरा नर राहतो. आमच्या जोडीने टँकमध्ये आडव्या ठेवलेल्या मातीच्या छोट्या कुंडीत अंडी घातली. आधी केशरी ठिपके, चार-पाच दिवसांनी चंदेरी, आणि जवळून पाहिलं तर प्रत्येकात दोन डोळे. नर तिथून हलत नाही. परांनी वारा घालत राहतो, खराब झालेलं अंडं तोंडाने वेचून काढतो, कोणी काचेवर बोट ठेवलं तर अंगावर धावून येतो. सासूबाई खुर्ची ओढून बसायच्या. ‘बाप बघ कसा राबतोय’ हे माझ्या नवऱ्याला ऐकवलं जायचं. पिल्लं अंधार पडल्यावर बाहेर येतात, आणि त्याच टँकमध्ये ती जगत नाहीत. त्यांना वेगळा टँक आणि सूक्ष्म जिवंत खाद्य लागतं. हे त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. वाईट वाटलंच, पण फसवल्यासारखं नाही वाटलं.

गणपतीचं: शेजारी विश्वासाचे असतील तर दाण्यांच्या रोजच्या पुड्या बांधून, तारीख घालून द्या. डबा हातात देऊ नका, लोक प्रेमाने जास्त घालतात आणि पाणी नासतं. त्या दिवसांपुरता मात्र ऑटो टॉप-अप लावाच.

साइटवरचा माणूस

सिव्हिलमध्ये आहे म्हणून जागेबद्दल थोडं. १९० लिटर म्हणजे नुसतं खारं पाणीच साधारण १९५ किलो. काच, दगड, संप आणि स्टँड धरून साडेतीनशेच्या घरात जाईल. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो चालत्या भाराचा (माणसं, सामान) धरून डिझाइन करतात. तुमचा टँक अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेत उभा राहणार. स्लॅब भार पसरवतो, त्यामुळे लगेच घाबरायचं कारण नाही, पण टँक खोलीच्या मधोमध नको. भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे, कॉलमच्या जितका जवळ तितकं उत्तम. बाल्कनीत किंवा बाहेर काढलेल्या भागावर अजिबात नको. बिल्डिंग जुनी असेल, सळया दिसत असतील, खालच्या घरात गळती असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणू नका. घरच्यांनाही तो काय म्हणतो ते समोर बसून ऐकू द्या.

आणि वीज. खारं पाणी आणि प्लग यांचं जमत नाही. टँकच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल. घरात लहान मूल आहे, यात तडजोड नको.

डोंबिवलीकर

सगळ्यांचे आभार. वैनी, तुमचं लिहिलेलं काल जेवण झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. बायकोने बिल काढून तिथेच स्वतःचा हिशोब मांडला. आमचं उन्हाळ्याचं बिल वरच्या स्लॅबला टेकलेलंच असतं, त्यामुळे तिचं म्हणणं की चिलरचे पैसे माझ्या खात्यातून जातील आणि टँक पावसाळ्यानंतरच यायचा. दोन्ही मान्य केलं. कोरडी बाल्कनी आमच्याकडेही आहे, तिथे वॉशिंग मशीनच्या वर कप्पा करता येईल असं तीच म्हणाली.

आई अजून हो म्हणाली नाही. हॅचरीच्या माशांचं ऐकल्यावर ‘आधी दाखव, मग बघू’ म्हणाली. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात तिला घेऊन जायचा विचार आहे, फ्लेमिंगोही बघून होतील. एक शंका: पाणी सायकल होईपर्यंत, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात तयार होईपर्यंत, टँक माशांशिवाय ठेवायचा, तेवढ्या काळात घरच्यांचा उत्साह मावळत नाही का?

ठाण्याची वैनी

चार ते सहा आठवडे धरून चाला, आणि त्याच काळात मुलीला कामाला लावा. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्हीच्या टेस्ट किट आणा. नळीत पाणी, त्यात थेंब, हलवायचं आणि रंगाच्या कार्डाशी जुळवायचं. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, शेवटी दोन्ही शून्य होतात आणि नायट्रेट उरतं. भिंतीवर चौकटीचा कागद लावा आणि तिला रंगीत पेन्सिलीने आलेख काढू द्या. आमच्याकडे दोन्ही रेघा खाली आलेल्या दिसल्याशिवाय मासे आणायचे नाहीत, असं मुलानेच बजावलं होतं.

आईंना ऐरोलीला नक्की न्या. आणि तिथून येऊनही त्या नको म्हणाल्या तर थोडं थांबा. टँक पळून जात नाही.