एक्स-मेनचे १४ सिनेमे: बघायचा क्रम नक्की कुठला?

मधली_सुट्टी

फॉक्सचे एक्स-मेनचे १३ सिनेमे (२००० ते २०२०) आणि वर 'डेडपूल अँड वुल्वरिन' (२०२४) असे १४ ओळीने बघायचे आहेत. सोबत १३ वर्षांची भाची असणार. नेटवर दोन प्रकारच्या याद्या मिळतात: कथेतल्या सालाप्रमाणे आणि प्रदर्शनाच्या सालाप्रमाणे. कथेतल्या सालाप्रमाणे लावायला गेलं की सुरुवातीलाच गाडी अडते. 'फर्स्ट क्लास'मध्ये १९६२ साली गोळी लागून प्रोफेसर झेवियर कायमचे अधू होतात आणि त्यानंतरच्या काळातल्या 'ओरिजिन्स'मध्ये खुशाल दोन पायांवर उभे. एमा फ्रॉस्ट १९६२ मध्ये मोठी बाई, पुढे १७ वर्षांनी कोवळी मुलगी.

यात काही संगती आहे की नुसता सावळागोंधळ? क्रम कुठला लावू, कुठले गाळले तरी चालतील, आणि भाचीसमोर कुठले लावू नयेत? क्रेडिट्सनंतर कुठे थांबायचं तेही सांगा. थोडेफार स्पॉयलर चालतील.

तिसरी_घंटा

प्रदर्शनाच्या क्रमाने बघा. सालावारी यादी दिसायला शिस्तीची, पण तिच्यात एक मूळचीच अडचण आहे. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' (२०१४) एकाच वेळी २०२३ आणि १९७३ मध्ये घडतो. तो १९७३ च्या जागी, म्हणजे दुसऱ्या नंबरावर लावलात तर स्टॉर्म, कोलोसस, आइसमन हे २०२३ मधले लोक मरताना दिसतात, आणि ते कोण हे भाचीला माहीतच नसतं. शेवटी लोगन (म्हणजेच वुल्वरिन) जागा होऊन ज्यांना बघतो त्यांचंही तेच. तो शेवट आधीच्या सिनेमांची उधारी वसूल करतो. उधारी दिलीच नाही तर वसुली कसली?

आता संगतीबद्दल. पुढे स्पॉयलर आहेत.

'फ्यूचर पास्ट'मध्ये १९७३ साली मिस्टिक ही सेंटिनेल (म्यूटंटांना, म्हणजे जन्मजात शक्ती असलेल्यांना, मारणारे यंत्रमानव) बनवणाऱ्या ट्रास्कला मारत नाही, आणि तिथे काळ दोन फाट्यांत फुटतो. १९७३ च्या आधीचं सगळं दोन्ही फाट्यांना सामाईक: 'फर्स्ट क्लास', 'ओरिजिन्स'चा १८४५ पासून व्हिएतनामपर्यंतचा भाग, 'द वुल्वरिन'मधला १९४५ चा नागासाकीचा प्रसंग. जुन्या फाट्यावर 'ओरिजिन्स'चा उरलेला भाग, २०००, २००३ आणि २००६ चे तीन सिनेमे, 'द वुल्वरिन' आणि सेंटिनेलवालं २०२३. नव्या फाट्यावर 'अपोकॅलिप्स' (१९८३), 'डार्क फीनिक्स' (१९९२) आणि सुधारलेलं २०२३. म्हणजे 'ओरिजिन्स'मधली थ्री माइल आयलंडची मारामारी नव्या फाट्यावर झालेलीच नाही.

आता तुमचे प्रोफेसर. त्यांना गोळी लागते १९६२ मध्ये, फाटा फुटतो १९७३ मध्ये, म्हणजे दोन फाट्यांनी हा प्रश्न सुटत नाही. पुष्कळ लोक 'फ्यूचर पास्ट'मधल्या हँकच्या (म्हणजे बीस्टच्या) इंजेक्शनचा आधार घेतात, ते घेतलं की झेवियर चालू शकतात. पण त्याच इंजेक्शनने त्यांची मनं वाचायची शक्ती जाते, हे तोच सिनेमा ठासून सांगतो. आणि 'ओरिजिन्स'च्या शेवटाकडे डोळ्यांवर पट्टी असलेला छोटा स्कॉट बोगद्यातून बाकीच्या मुलांना बाहेर काढतो तो झेवियरांचा आवाज डोक्यात ऐकत. उभे राहायचं की मनात बोलायचं, दोन्ही एकदम नाही. तेव्हा खुलासा एकच: २००९ मध्ये 'ओरिजिन्स' बनला तेव्हा 'फर्स्ट क्लास' (२०११) लिहिलेलाच नव्हता, आणि नंतरच्यांनी मागचं जुळवायची तसदी घेतली नाही. एमा फ्रॉस्टचंही तसंच.

अशी भोकं आणखी आहेत. पहिल्या सिनेमात झेवियर सांगतात की एरिक (म्हणजे मॅग्नेटो) त्यांना वयाच्या सतराव्या वर्षी भेटला आणि सेरेब्रो हे म्यूटंट शोधायचं यंत्र बांधायला त्याने मदत केली. 'फर्स्ट क्लास'मध्ये दोघं भेटतात तेच १९६२ मध्ये, आणि सेरेब्रो हँकचा. 'लास्ट स्टँड'ची (२००६) सुरुवात 'वीस वर्षांपूर्वी' अशी पाटी दाखवून होते, त्यात दोघं छोट्या जीनच्या घरी जोडीने येतात. इकडे क्युबाच्या किनाऱ्यावर त्यांची ताटातूट होऊन जमाना झालेला. प्रदर्शनाच्या क्रमाने बघितलं की ही भोकं ज्या क्रमाने पडली त्याच क्रमाने दिसतात, त्यामुळे कमी टोचतात.

रात्रपाळी

क्रमाबद्दल सहमत, पण १४ च्या १४ कशाला? सगळे मिळून २८ तास होतात आणि त्यातले निदान आठ वाया. 'ओरिजिन्स', 'अपोकॅलिप्स', 'डार्क फीनिक्स', 'न्यू म्यूटंट्स' बिनधास्त गाळा. शेवटचा तर नावापुरताच एक्स-मेन. शूटिंग २०१७ चं, पडद्यावर आला २०२०, पुढचं-मागचं काहीच त्यावर अवलंबून नाही. भयपट म्हणून वेगळा बघायचा तर बघा, ९४ मिनिटांचा आहे. 'लास्ट स्टँड'पण गाळायला हरकत नाही. फीनिक्सची (जीनमधल्या बेलगाम शक्तीची) कथा या लोकांनी दोनदा केली आणि दोनदा वाया घालवली.

तिसरी_घंटा

बाकी चार कबूल, पण 'लास्ट स्टँड' गाळू नका. सिनेमा फसलाय हे मान्य, पण पुढच्या दोन सिनेमांचा भार त्याच्यावर आहे. 'द वुल्वरिन'मध्ये लोगनला रात्री-अपरात्री जीन का दिसते? 'फ्यूचर पास्ट'च्या शेवटी स्कॉट आणि जीनला जिवंत बघून तो दारातच का थबकतो? दोन्हीचं उत्तर २००६ मध्ये आहे, आणि सिनेमा आहे जेमतेम १०४ मिनिटांचा.

दुसरं कारण 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे'. मार्व्हलने मार्च २०२५ मध्ये नावं जाहीर केली त्यात पॅट्रिक स्ट्युअर्ट, इयन मॅकेलन, रिबेका रोमिन, जेम्स मार्सडन, अ‍ॅलन कमिंग आणि केल्सी ग्रॅमर आहेत. पहिले चौघं २००० पासूनचे, कमिंग २००३ चा नाइटक्रॉलर, ग्रॅमर २००६ चा बीस्ट. 'फर्स्ट क्लास'च्या तरुण फळीतलं त्या यादीत कुणी नव्हतं. तेव्हा 'डूम्सडे'साठी तयारी करायची तर पहिले तीनच लागतात. गॅम्बिट झालेला चॅनिंग टेटमही त्या यादीत होता, तो 'डेडपूल अँड वुल्वरिन'मधून.

वेळ कमी असेल तर: 'एक्स-मेन' (१०४ मि.), 'एक्स२' (१३४), 'लास्ट स्टँड' (१०४), 'फर्स्ट क्लास' (१३२), 'फ्यूचर पास्ट' (१३२), 'लोगन' (१३७). साडेबारा तासांच्या आत काम. 'एक्स२' आणि 'लास्ट स्टँड' लागोपाठ लावा. पहिल्याच्या शेवटी अल्कली लेकच्या पाण्याखाली पक्ष्याचा आकार चमकून जातो, तोच धागा दुसरा पुढे नेतो.

पॉपकॉर्न_लहान

क्रेडिट्सचं सांगते. स्पॉयलर आहेतच.

'लास्ट स्टँड'चं पूर्ण संपेपर्यंत थांबा. सिनेमात झेवियर वर्गात एका बेशुद्ध रुग्णाची चित्रफीत दाखवून एकाचं मन दुसऱ्याच्या शरीरात घालणं योग्य का, असा प्रश्न मुलांना विचारतात. तो प्रसंग नीट ऐका. क्रेडिट्सनंतरचा सीन त्यावरच बेतलाय. तो चुकला तर पुढे झेवियर परत कसे आले हेच कळत नाही. (चेहरा मात्र जुनाच कसा, याचं उत्तर पडद्यावर कुठेच नाही. शोधू नका.)

'द वुल्वरिन'चा सीन क्रेडिट्सच्या मधे येतो: दोन वर्षांनंतरचा विमानतळ, सुरक्षा तपासणीत धातूच्या वस्तू थरथरायला लागतात. हा 'फ्यूचर पास्ट'चा दरवाजा आहे, चुकवू नका. 'फ्यूचर पास्ट' आणि 'अपोकॅलिप्स' यांचे सीन अगदी शेवटी. 'डेडपूल'च्या पहिल्या दोन्ही सिनेमांनाही सीन आहेत, त्यातल्या दुसऱ्याचा मधेच येतो आणि त्यातला एक विनोद 'ओरिजिन्स'मधल्या तोंड शिवलेल्या डेडपूलवर आहे. 'ओरिजिन्स' गाळलात तर निदान त्याची शेवटची २० मिनिटं बघून ठेवा, नाहीतर थिएटर का हसलं ते कळणार नाही. पहिले दोन, 'फर्स्ट क्लास', 'लोगन', 'डार्क फीनिक्स' आणि 'न्यू म्यूटंट्स' यांना काही नाही. नावं सुरू झाली की उठा. 'डेडपूल अँड वुल्वरिन'ला मात्र बसून राहा. नावांसोबत फॉक्सच्या जुन्या सिनेमांच्या शूटिंगची दृश्यं आहेत, आणि ती सगळ्यात चांगली लागतात ज्याने आधीचे सगळे बघितलेत त्याला.

आवृत्त्यांचंही बघून घ्या. 'फ्यूचर पास्ट'ची 'रोग कट' म्हणून १७ मिनिटं जास्तीची आवृत्ती आहे. पहिल्यांदा ती लावू नका. त्यात किटीच्या जागी रोग नावाची म्यूटंट येते तो उपकथाभाग चांगला आहे, पण मूळ सिनेमाची घाई, जी त्याची ताकद आहे, ती सैल पडते. 'द वुल्वरिन'ची लांब आवृत्ती मात्र मूळपेक्षा सरस, फक्त रक्तपात जास्त. 'लोगन' कृष्णधवलमध्येही आहे, तो दुसऱ्या वेळेला.

रात्रपाळी

भाचीचं राहिलंच. चार सिनेमे मोठ्यांचेच आहेत: तिन्ही डेडपूल आणि 'लोगन'. अमेरिकेत चारही 'आर' दर्जाचे. 'लोगन'बद्दल लोक फसतात, कारण त्यात ११ वर्षांची मुलगी आहे म्हणून मुलांचा असेल असं वाटतं. तीच मुलगी पहिल्या अर्ध्या तासानंतर एकाचं मुंडकं उडवून आणते. उरलेल्या दहांना तिकडे पीजी-१३ आहे, तेव्हा १३ व्या वर्षी चालतील. पण 'फर्स्ट क्लास' १९४४ च्या छळछावणीत सुरू होतो आणि मुलासमोर आईला गोळी घालतात, तेवढं आधी सांगून ठेवा. 'अपोकॅलिप्स'मध्येही छळछावणीचा उल्लेख आणि बऱ्यापैकी मारझोड आहे.

हिंदीतून बघणार असाल तर 'डेडपूल २'ला रणवीर सिंगचा आवाज आहे. विनोद बरेच बदललेत, काही जमलेत.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार, यादी पक्की केली. दोनच शंका. 'द वुल्वरिन'मध्ये लोगनची धातूची नखं तुटून हाडाची उगवतात, मग २०२३ मध्ये परत धातूची कशी? आणि 'लोगन' कुठल्या फाट्यावर धरायचा?

तिसरी_घंटा

नखांचं पडद्यावर उत्तर नाही. मॅग्नेटो तोवर सोबत आलेला असतो, त्याने बसवून दिली असतील असं आपलं आपण धरायचं. १९७३ मध्ये हाडाची दिसतात ते मात्र बरोबर आहे, कारण हाडांवर धातू चढवायचं स्ट्रायकरचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं असतं.

'लोगन' कुठल्याच फाट्यावर नीट बसत नाही आणि दिग्दर्शक जेम्स मॅन्गोल्डने तो बसवायचा हट्टही धरलेला नाही. कथा २०२९ ची. त्यात म्हटलंय की २५ वर्षांत नवा म्यूटंट जन्मला नाही, म्हणजे २००४ नंतर कोणी नाही. त्या हिशेबाने सुधारलेल्या २०२३ मध्ये सगळ्यात धाकटा विद्यार्थी १९ वर्षांचा हवा, आणि 'फ्यूचर पास्ट'च्या शेवटी शाळा तर मुलांनी गजबजलेली. उलट 'लोगन'मध्येच स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा उल्लेख आहे, म्हणजे २००० च्या सिनेमाचा शेवट घडून गेलाय. जुना फाटा म्हणावा तर सेंटिनेलचा मागमूस नाही. तेव्हा तो स्वतंत्रच धरा. क्रमाला फरक पडत नाही: 'फ्यूचर पास्ट'नंतर कधीही, पण 'डेडपूल अँड वुल्वरिन'च्या आधी नक्की, कारण तो सुरूच होतो लोगनची कबर उकरण्यापासून.

पॉपकॉर्न_लहान

त्याच्या आधी डेडपूलचे दोन, 'लोगन', आणि 'लोकी' मालिकेच्या पहिल्या सीझनचा निदान पहिला भाग. टीव्हीए (काळाच्या फाट्यांवर पहारा ठेवणारी संस्था) म्हणजे काय भानगड, ते तिथे नीट सांगितलंय. आणि भाचीला त्या रात्री लवकर झोपवा.