‘समरूप जुळी’ की ‘एकयुग्मजी जुळी’?

प्रश्न: आरोग्य पुस्तिकेच्या मजकुरात ‘समरूप जुळ्यांचा डीएनए शंभर टक्के एकच असतो’ असं वाक्य आहे. ‘समरूप’ ठेवावा का? आणि ‘शंभर टक्के’ बरोबर आहे का?

प्रतिसाद १: ‘समरूप’ फक्त दिसण्याबद्दल बोलतो. एकाच युग्मनजाचे (फलित बीजांडाचे) सुरुवातीच्या दिवसांत दोन भाग झाले तर ती एकयुग्मजी. दोन बीजांडं दोन शुक्राणूंनी फलित झाली तर द्वियुग्मजी. त्यांच्यात इतर सख्ख्या भावंडांइतकंच, सरासरी निम्मं जनुकीय साम्य. पण तीही कधीकधी ओळखू येऊ नयेत इतकी सारखी दिसतात. त्यामुळे ‘एकयुग्मजी’च लिहा. शाळेच्या पुस्तकांतही तो आहे, वाचक अडणार नाही.

प्रतिसाद २: ‘एकयुग्मजी म्हणजे एकाच वारेची’ असं स्पष्टीकरण मात्र देऊ नका, ही चूक फार दिसते. विभागणी पहिल्या तीनेक दिवसांत झाली तर वारा दोन असतात, आणि एकयुग्मजींपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश जोड्या अशाच. सोनोग्राफीत दोन वारा दिसल्या आणि लिंग एकच असलं, तर डीएनए तपासल्याशिवाय काहीच ठरत नाही.

प्रतिसाद ३: ‘शंभर टक्के’ काढा, ‘जवळजवळ सारखा’ लिहा. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि तीत अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. ही चूक युग्मनजाचे दोन भाग झाल्यानंतर झाली तर ती एकाच जुळ्यात उतरते. आधी झाली असली तरी, ती असलेल्या पेशी एकाच बाजूला गेल्या तर तोच परिणाम. आइसलँडमध्ये 381 एकयुग्मजी जोड्यांचे संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचले गेले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार जोडीत असे सरासरी 5.2 बदल आढळले, आणि सुमारे 15 टक्के जोड्यांत बरेच जास्त. तीन अब्ज अक्षरांत पाच म्हणजे नगण्यच. म्हणून गुन्हे तपासातली नेहमीची डीएनए चाचणी, जी मोजक्याच जागा पाहते, दोघांना वेगळं काढू शकत नाही. बोटांच्या ठशांवरून मात्र दोघं वेगळी ओळखता येतात, कारण त्यांच्या रेषा गर्भातल्या परिस्थितीनुसारही घडतात.

डीएनएवर बसणाऱ्या मिथाइल या रासायनिक खुणांचा वयानुसार वाढत जाणारा फरक ‘अधिजनुकीय’ म्हणा, ‘जनुकीय’ नको. त्यात अक्षरं तीच राहतात, जनुकं चालू-बंद होण्याचं प्रमाण बदलतं.

प्रतिसाद ४: वाचनात अजून एक खाच आहे. ‘दोन जुळी’ म्हणजे दोन मुलं की चार? आकडेवारी देताना ‘जुळ्यांच्या दोन जोड्या’ लिहा आणि एकाविषयी बोलताना ‘जुळ्यांपैकी एक’. ‘तिला जुळं झालं’ बोलण्यात सुरेख आहे, तक्त्यात मात्र घोटाळा करतं.