गुळाच्या साच्याचं लायसन्स द्यायचंय, कंपनी कशी शोधायची?

गुळव्याचा_पोरगा
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका शॉपमध्ये व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) चालवतो, आयटीआय झालंय, गाव करवीर तालुक्यात आणि घरचं गुऱ्हाळ आहे, वडील स्वतः गुळव्या, म्हणजे गूळ करणारे. आता ३० किलोच्या रव्यापेक्षा (गुळाची मोठी ढेप) एक किलो, अर्धा किलोच्या ढेपांना गिऱ्हाईक जास्त आहे, पण छोट्या साच्यातनं गूळ काढताना कोपरे तुटतात, मग कडेला बसून हातोडीनं ठोकत बसायचं आणि तुटलेला माल परत पुढच्या काहिलीत (रस आटवायची कढई). तर मी स्टेनलेस स्टीलचा एक साचा केलाय, १६ खणांचा, बाजूला एक दांडा आहे, तो ओढला की सगळ्या खणांच्या भिंती एकदम थोड्या थोड्या मागं सरकतात आणि ढेपा अख्ख्या खाली उतरतात. गेल्या सीझनला घरच्या गुऱ्हाळावर चालवला, एकदाही हातोडी लागली नाही.

आता प्रश्न. स्वतः कारखाना काढायला माझ्याकडं पैसा नाही. कुणीतरी कंपनीनं बनवावा, विकावा आणि मला नगामागं काहीतरी द्यावं असं डोक्यात आहे. ओळखीचा एक फॅब्रिकेटर म्हणतो ड्रॉइंग दे, ५० नग काढतो, पण मला धाकधूक वाटते. दुसरीकडं नेटवर एका कंपनीचा फोन आला, ४५ हजार भरा, आम्ही तुमचा शोध मोठ्या कंपन्यांना दाखवतो म्हणाले, बोलणं एकदम गोड. काय करू? पेटंट आधी का कंपनी आधी?

टर्नर_काका
ते ४५ हजार पहिल्यांदा खिशात घाल मर्दा. शोध बघितला नाही, साचा हातात घेतला नाही आणि पैसे मागतोय म्हणजे त्याचा धंदा तुझ्याकडनं पैसे घेणे हाच हाय, साचा विकणे न्हवं. मी ४० वर्षं लेथवर काढली, असले फोन माझ्या पोरालाबी आले होते. चांगला पेटंट एजंट फी घेतो, पण तो अर्ज लिहायची घेतो, 'कंपनी मिळवून देतो' म्हणून न्हाई.

दुसरं, मालकाच्या मशीनवर केलंस का घरी? हे आधी सांग, नायतर उद्या मालक म्हणंल शोध माझा.

गुळव्याचा_पोरगा
काका, मालकाला विचारून सुट्टीच्या दिवशी केलाय, पत्रा आणि लेझर कटिंगचे पैसे माझे. पण लिहून काही घेतलेलं नाही.

फॉर्म_नंबर_दोन
मग आजच मालकाकडनं चार ओळी लिहून घ्या, की हे काम कामाच्या वेळेबाहेर, स्वखर्चानं केलंय आणि आमचा त्यावर हक्क नाही. आत्ता संबंध चांगले आहेत तोवर हसत सही देतील, साचा विकायला लागला की तीच सही महाग पडते.

पेटंट आधी का कंपनी आधी, तर कंपनीला आतलं ड्रॉइंग दाखवायच्या आधी किमान प्रोव्हिजनल अर्ज टाका. प्रोव्हिजनल म्हणजे शोध काय आहे ते लिहून तारीख पकडून ठेवायची, पूर्ण अर्ज त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यावा लागतो, नाहीतर तो सोडून दिल्यासारखा धरतात. स्वतःच्या नावानं ऑनलाइन भरला तर सरकारी फी १६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला तीच ८०००. पुढं तपासणीची विनंती करायची त्याचे तुम्हाला ४००० पडतील आणि ती आपोआप होत नाही, स्वतः फॉर्म १८ टाकावा लागतो, नवीन नियमानं पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांच्या आत. किती जणांचे अर्ज नुसते हा फॉर्म विसरल्यामुळं मेले म्हणून सांगू. पेटंट मिळालंच तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या ऑफिसातनं चालतं, पण अर्ज ऑनलाइन जातो, एसटीनं जायची गरज नाही.

आता कडू गोळी. गुळाचा साचा ही कल्पना नवी नाही. लखनौच्या ऊस संशोधन संस्थेनं वड्या पाडायच्या चौकटी केव्हाच केल्यात. त्यामुळं 'अनेक खणांचा गुळाचा साचा' असं लिहून दिलंत तर तपासणीतच उडणार. कायद्याच्या कलम ३ मध्ये एक पोटकलम आहे, माहितीतल्या वस्तू नुसत्या जवळजवळ जोडल्या तर तो शोध धरत नाहीत, ते तुमच्या मानगुटीवर बसेल. तुमचा जीव आहे तो दांड्यात, भिंती एकाच वेळी मागं सरकवणारी जी काही कॅम (फिरली की दुसरा भाग सरकवणारा तुकडा) केली असेल तिच्यात. दावा, म्हणजे हक्क नेमका कशावर मागताय ते, तिच्यावर लिहा. गूगल पेटंट्सवर आणि आपल्या सरकारी साइटवर दोन संध्याकाळी बसून शोधा, आणि कोल्हापुरातच ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, तिथल्या लोकांनी असलं काय काय बघितलंय ते विचारा. विचारताना आतली कॅम उघडून दाखवू नका एवढंच.

आणि साचा कुणाला दाखवलाय का अजून? व्हिडिओ बिडिओ?

गुळव्याचा_पोरगा
गुऱ्हाळवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलाय दोन महिन्यांपूर्वी 😐 दांडा ओढतोय आणि ढेपा पडतायत एवढंच दिसतं, आतलं काही दिसत नाही. २५० जण आहेत ग्रुपमध्ये.

फॉर्म_नंबर_दोन
अरे देवा. अर्जाआधी शोध लोकांसमोर उघड झाला तर तो नवा धरत नाहीत. आतली यंत्रणा दिसत नसेल तर अजून वाचलात असं म्हणू, पण तो व्हिडिओ काढा आणि एजंटाला त्याबद्दल खरं सांगा, लपवू नका. आपल्याकडं अमेरिकेसारखी सरसकट वर्षाची सूट नाही, ठराविक सरकारमान्य प्रदर्शनं वगैरेंनाच आहे. चाचणीसाठी चारचौघांत चालवावंच लागलं तर वर्षभराची एक सवलत आहे, घरच्या गुऱ्हाळावरचा वापर तिच्यात बसू शकतो, व्हिडिओ कितपत बसेल यावर वाद होईल. म्हणून उशीर करू नका. आणि पुढच्या भीमा कृषी प्रदर्शनात स्टॉल टाकायचा विचार असेल तर अर्ज त्याच्या आधी.

टर्नर_काका
पेटंट करा, मी नको म्हणत न्हाई. पण उद्यमनगरात चांगला माल आठ दिवसांत कॉपी होतो हे बी ध्यानात ठेव. कॉपी करणाऱ्यावर केस करायला पेटंट मिळायला लागतं, नुसत्या अर्जावर कोर्टात जाता येत न्हाई. तोवर तुझं संरक्षण म्हणजे तू पहिला असणं आणि तुझा माल बरा असणं.

शिरोलीकडचा_मी
सगळ्यांनी पेटंटवर लिहिलंय, मी लायसन्सवर लिहितो कारण त्यात माझे हात पोळलेत. २०१६ ला पॉवर टिलरच्या एका अटॅचमेंटचं लायसन्स एका कंपनीला दिलं, नाव घेत नाही. सगळे हक्क एकट्या त्यांनाच, महाराष्ट्रभर, पाच वर्षं, रॉयल्टी ४ टक्के. ऐकायला भारी. पण वर्षाला किमान किती नग विकायचे किंवा विकले नाहीत तरी किमान किती रक्कम द्यायची हे कुठंच लिहिलं नव्हतं. त्यांनी पहिल्या वर्षी ११ नग विकले, नंतर स्वतःचंच दुसरं मॉडेल काढलं आणि माझं बासनात. मला दुसऱ्याला देता येईना, स्वतः बनवता येईना. पाच वर्षं नुसती बघत बसलो. एवढ्यात पोरगं शाळेत जायला लागलं माझं.

त्यामुळं एकट्यालाच हक्क द्यायचे तर किमान हप्ता लिहून घ्या आणि दोन वर्षं तो नाही भरला तर हक्क आपोआप परत, अशी ओळ पाहिजेच. रॉयल्टी नफ्यावर कधीच घेऊ नका, नफा कागदावर कधीही शून्य दाखवता येतो. कारखान्यातनं बाहेर पडतानाच्या बिलावर घ्या, जीएसटी सोडून. दर तीन महिन्यांनी विक्रीचा हिशोब आणि त्यांची बिलबुकं बघायचा हक्क. आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही, डाय आणि फिक्श्चर (भाग बनवायचे ठसे आणि ते धरून ठेवायच्या चौकटी) कुणाच्या मालकीचे? माझे त्यांच्या शेडमध्ये होते, करार संपला तेव्हा म्हणाले हे आमचे. पैसे मी दिले होते, बिल त्यांच्या नावावर!

करार लेखीच पाहिजे, पेटंटचं लायसन्स तोंडी धरत नाहीत, आणि पेटंट मिळालं की ते पेटंट ऑफिसात नोंदवायचं. पत्रा माझ्याकडनंच घ्या अशी अट मात्र तुम्हीही घालू नका, तसल्या अटी कायद्यानं रद्द ठरतात.

अजून एक, लायसन्स आणि जॉबवर्क यात गल्लत करू नका. तुमचा तो फॅब्रिकेटर ५० नग काढतो म्हणजे तो मजुरी घेऊन बनवणार, विकायचं तुम्हीच. त्यात वाईट काही नाही, पण मग एक साधा गोपनीयतेचा करार स्टॅम्पवर करा, आणि शक्य असेल तर कॅम एकाकडं आणि बाकीची चौकट दुसऱ्याकडं करून घ्या, जोडणी घरी. माझा एक मित्र गोकुळ शिरगावमध्ये असंच करतो, आख्खं ड्रॉइंग कुणाच्याच हातात नाही.

लक्ष्मीपुरीतलं_दुकान
मी दुकानदाराच्या बाजूनं बोलते. आमच्याकडं गुऱ्हाळाचं सामान जातं. दादा, तुम्ही बनवणारा शोधताय, पण कोल्हापुरात पत्रा कापून वेल्डिंग करणारे शिरोलीपासून कागलपर्यंत पडलेत, त्यांची कमी नाही. तुम्हाला गुऱ्हाळवाल्यांना आधीच काहीतरी विकणारा पाहिजे, म्हणजे काहिली, ऊस पिळायचे चरक, मोटारी विकणारा. त्याच्याकडं गिऱ्हाईकाचे नंबर आहेत, उधारी वसूल करायची सवय आहे, आणि बिघडलं तर माणूस पाठवता येतो. अशाला लायसन्स दिलं तर साचा त्याच्या चरकाबरोबर जाईल, तुम्हाला वेगळं दुकान मांडायला नको.

आमच्यासारख्याला विचाराल तर पहिला प्रश्न किंमत नाही, दांडा अडकला तर कोण येणार? पाक घट्ट झाला की फटीत बसणारच. गरम पाणी ओतून भिंती सुटतात का, कॅम काढून धुता येते का, हे आधी ठरवा. आणि माल दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांआधी दुकानात पाहिजे, जानेवारीत आणलात तर लोक म्हणतात पुढच्या वर्षी बघू. खरं सांगायचं तर गुऱ्हाळं कमी होत चालल्यात, त्यामुळं फक्त कोल्हापूर धरून हिशोब करू नका, सांगली, कऱ्हाड आणि कर्नाटकातलीसुद्धा धरा.

टर्नर_काका
ताई बरोबर बोलल्या. मला फटीचा प्रश्न सुचला न्हवता.

गुळव्याचा_पोरगा
खूप आभार सगळ्यांचे. व्हिडिओ काढलाय, पण ग्रुपमधल्या दोघांनी पुढं पाठवला म्हणतायत, ते एजंटाला सांगतो. मालकानं सही दिली, वर म्हणाला पहिला साचा मलाच दाखव. फटीचं खरंच आहे ताई, दोन वेळा अडकला होता, मी इथं लिहायचं टाळलं. आता कॅमची पिन बाहेरनं काढता येईल अशी करतोय, मग धुवायला सोपं.

एक शेवटचं. भिंती आत तिरक्या ठेवायच्या ही आयडिया माझी नाही, वडिलांची. ते म्हणतात माझं नाव कशाला, तूच घाल. काय करू?

फॉर्म_नंबर_दोन
त्यांचं नाव घालायलाच पाहिजे, ही प्रेमापोटीची गोष्ट नाही. ज्याच्या डोक्यातनं आलं तो शोधक, खरा शोधक वगळला तर उद्या कुणीही त्यावरून पेटंट उडवायला बघेल. दोघंही शोधक, दोघंही अर्जदार. फी तीच राहते. आणि दोघांत रॉयल्टी कशी वाटायची हे घरातच एका कागदावर लिहून ठेवा, बाप-लेक असलात तरी.

गुळव्याचा_पोरगा
लिहितो. आई म्हणते तिसरा हिस्सा तिचा, कारण तुटलेल्या ढेपा इतकी वर्षं तीच गोळा करत होती 😄 सोमवारी एजंटाकडं जातोय.